सावरीचा कुणगा

कार्तिकातली सकाळ दत्तारामकाकांच्या सोप्यावर उतरते ती थेट त्यांच्या मुठींवर. दोन्ही मुठी गुडघ्यांवर टेकलेल्या असतात आणि दोन्ही कधीच स्वस्थ नसतात. बोलणं भाताचं असो, कुणाच्या लग्नाचं असो, की समोरच्या फणसावर येऊन बसलेल्या धनेशाचं, डावी मूठ किंचित पुढे सरकते, उजवी मनगटातून आत वळते, क्षणभर थांबते आणि अलगद सैल होते. नवख्या माणसाला वाटावं, हाताला कंप सुटला आहे. पण डिचोलीच्या डोंगरांवर लोखंडाच्या खाणी चालू असताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही हालचाल ओळखता येते. काका उमेदीची सगळी वर्षं पोकलेन चालवत होते. यंत्राचा लांब हात पुढे न्यायचा, दातेरी बकेट मातीत रोवून आत वळवायची, भरलेलं ओझं उचलून रितं करायचं. खाणी बंद होऊन इतकी वर्षं लोटली, तरी त्या मुठींना अजून कुणी सुट्टी दिलेली नाही.

खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या भागातल्या उजेडालाही मातीचा रंग होता. धुणं वाळत घालावं तर संध्याकाळी ते गेरूत बुडवल्यासारखं तांबूस होऊन घरात यायचं. आता उजेड निर्मळ झाला आहे, डोंगराची कापलेली कड त्यात स्वच्छ दिसते, आणि त्या निर्मळ उजेडात काका अवघडून बसतात. इंजिनाच्या गर्जनेत आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज चढाच असायचा. यांचा मात्र, सुतकाच्या घरी बोलावा तसा, खाली उतरलेला. मला वाटायचं, हा स्वभाव असेल.

मी त्यांच्याकडे गेले होते ती पोकलेनच्या एका दातासाठी. साखळीत, बंद पडलेल्या एका शाळेच्या दोन खोल्यांत आम्ही काहीजणांनी एक लहानसं संग्रहालय उभं केलं आहे. खाणींमधली अवजारं, यंत्रांचे सुटे भाग, ती वापरणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, जे हाती लागेल ते तिथे जपून ठेवतो. आम्हा संग्रहालयवाल्यांची नजर भंगारवाल्याची आणि भाषा पुराणिकबुवांची, असं घरचे चिडवतात ते काही खोटं नाही. पण एक गोष्ट मला मनापासून खुपत होती. एका खाणीच्या जुन्या छायाचित्रांचा गठ्ठा आमच्याकडे आला होता. त्यांत यंत्रंच यंत्रं होती, दसऱ्याला झेंडूचे हार घातलेली, कुंकू लावलेली, नव्या नवरीसारखी नटलेली. आणि ती चालवणाऱ्या माणसाचं म्हणाल तर एका चित्राच्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर. मी मनाशी ठरवून टाकलं की आमच्या पाट्यांवर यंत्राच्या आधी माणसाचं नाव येईल. हा न्याय आपण करतो आहोत, याचा मला थोडा ताठाही आला होता.

दात मागच्या दारी सापडला. बकेटच्या टोकाला बसवलेले हे पोलादी दात डोंगर चावून चावून झिजतात, मग नवे घालावे लागतात. पहिला झिजलेला दात काकांनी हौसेने घरी आणला होता. शेवंतीकाकी, काकांची पत्नी, सांगत होती की सुरुवातीची काही वर्षं दसऱ्याला त्याची देवापुढे पूजा व्हायची. "ह्येंच्या गळ्यात लग्नात पडले नाय तेवढे हार त्या पोकलेनाच्या गळ्यात पडले," असं म्हणून ती हसली. तो दात आता न्हाणीच्या दाराला अडण म्हणून पडला होता, वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. देवापासून न्हाणीपर्यंत तो कसा आला, हे मी विचारलं नाही.

काकांनी यंत्राबद्दल सगळं सांगितलं. कुठला दगड कसा वाजतो, माती ओली असली की मूठ किती हळू वळवायची, सारं काही. बोलताना त्यांचा चेहरा उजळत गेला. शेवटी मी म्हटलं, "पाटीवर तुमचां नाव घालतंय, काका."

मुठी एकदम थांबल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"नको, बाय. यंत्राचां लिव, लोखंडाचां लिव. माजां नाव नको."

मी पुन्हा आग्रह केला तेव्हा ते कापलेल्या कडेकडे बघत बोलले. डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला शेवंतीकाकीचं माहेर. खाणीतली टाकाऊ माती त्याच उतरणीवर रचली जात होती आणि ती रचणारं यंत्र होतं काकांच्या हाती. तिथला गाव कचेरीत हरकत घ्यायला निघाला. त्याच्या आदल्या दिवशी सासरे जावयाकडे आले.

"सासऱ्यान माका इचारलां, पावसात हो ढीग खाली येतलो काय? मी सांगलंय, काय जावचां नाय, बांध घातलो आसा. तेवढ्यार ते गप रवले. सगळो गाव गेलो, ते गेले नाय. जावयान सांगलां म्हणान."

त्या पावसात ढीग खाली आला. सासऱ्यांचं भाताचं शेत गुडघाभर तांबड्या चिखलाखाली गेलं, आणि त्यात पुन्हा लोंबी धरली नाही. सासरे रागावले नाहीत, हेच काकांना जन्मभर पुरलं. त्यानंतर जावई भेटला की ते पोरांचं विचारत, जत्रेचं बोलत, गुरांचं सांगत. फक्त पीकपाण्याचा विषय कधी काढत नसत. असंच न काढता ते एक दिवस गेले.

"लोक म्हणतले, दत्तारामाचां नाव लागलां," काका म्हणाले. "माका लाज वाटता, बाय."

मी मान खाली घातली. तोच डोंगर खाली वाहून नेणारा एक ट्रक आमच्याही दारात उभा असायचा, आणि त्याच्या कमाईवर वाढलेली मी दुसऱ्याला सन्मान द्यायला निघाले होते. माझा ताठा कुठल्या कुठे गेला. मला माझीच शरम वाटली.

शेवंतीकाकी दारात उभी होती. कधीपासून, ते आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. ती पदराला हात पुसत पुढे आली आणि काकांकडे न बघता मला म्हणाली, "नाव घाल. दातान आपसूक खाल्लां नाय. आनी खाली आमच्या शेताचां नाव पण घाल. सावरीचो कुणगो. कागदार नुसतो नंबर आसा. नाव खंयच लिवलेलां नाय."

कुणगा म्हणजे भातशेतीचा लहानसा तुकडा. बांधावर सावरीचं झाड होतं म्हणून सावरीचा.  त्या दिवशी काकांच्या मुठी पुन्हा चालू झाल्या नाहीत.

दालन उघडलं त्या दिवशी दोघं सकाळच्या बसने साखळीला आली. काकांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. दाताखालची पाटी मी तीन ओळींत लिहिली होती: पोकलेनचा झिजलेला दात. चालक दत्ताराम. यांनी रचलेल्या मातीखाली, सावरीचा कुणगा. काका पाटीसमोर मान खाली घालून उभे राहिले. शेजारी काकी.

"वाचा तर," ती म्हणाली. "माजो चष्मो घराक रवलो."

चष्म्याची डबी तिच्या पिशवीतून डोकावत होती. ती मला दिसत होती, काकांनाही दिसत असणार. त्यांनी बोट ओळीखाली धरलं. पहिली ओळ वाचली, दुसरीशी, स्वतःच्या नावाशी, अडखळले, आणि सासऱ्यांच्या जिवंतपणी एकदाही ज्याचा विषय निघाला नव्हता त्या शेताचं नाव त्यांनी मोठ्याने, यंत्रावरच्या त्या जुन्या चढ्या आवाजात उच्चारलं. दोन्ही खोल्यांत ते ऐकू गेलं. काकीने डोळे मिटून घेतले होते.

कुणगा आता कुठेच नाही, त्यात भात पिकवणारा हातही नाही. पण काळ जे जे गाडून पुढे निघून जातो, त्यातलं एखादं नाव कधीतरी, ज्याने ते गाडलं त्याच्याच तोंडून, घरी परत बोलावल्यासारखं ऐकू येतं.