कलई गेलेली देग

नांदेडात समुद्र आणायला निघालेला शहाणा म्हणजे सालेहाचा अजहर. उशाला गोदावरी असताना या पोराला खाऱ्या पाण्यातलेच मासे पाळायचे होते! विकतचं मीठ पाण्यात कालवायचं, रात्रभर मुरवायचं, मग थोडं थोडं काचेच्या टाकीत ओतायचं. बाप हनीफ कलईगर. त्यानं आधी पोराची यथेच्छ टिंगल केली आणि मग स्वतःच टाकीखाली लोखंडी स्टँड करून आणला. डॉक्टरकीच्या क्लाससाठी अजहर लातूरला गेला, तरी फोनवर पहिली चौकशी माशांची. आईचा नंबर त्यानंतर. सालेहा लटकं रुसायची आणि टाकीपुढे मोबाईल धरून उभी राहायची.

तिथं हॉस्टेलात त्याला ताप आला. ताप डोक्यात गेला आणि पोरगं घरी आलं ते अँब्युलन्समधून, कफनात.

त्यानंतर दोघं नवराबायको रडली असं कुणी पाहिलं नाही. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, काळीज दगडाचं आहे हिचं. म्हणेनात का! सालेहाला आता एकच कळत होतं, हे मासे जगले पाहिजेत. बाकी घराला आग लागली असती तरी तिनं मान वर केली नसती.

उन्हाळ्यात मीठ कालवायचं प्लास्टिकचं पिंप तडकलं. सालेहानं जिन्याखालची तांब्याची देग ओढून काढली. ही देग भूकंपाच्या साली किल्लारीकडे खिचडी शिजवायला गेली होती. अलीकडे चुलीवर चढली ती अजहरच्या चाळिसाव्याला, दालचा शिजवायला. चिंचेच्या आंबटानं आतली कलई खाल्ली आणि देग आतून लालभडक पडली. कलईगराच्या घरात बिनकलईची देग, सांगायची सोय नाही. पण अजहर गेल्यापासून घरातल्या भांड्याला हात लावायची हनीफला इच्छाच होत नव्हती. आणि सालेहाचा जन्म या घरात गेला, असल्या देगीत तिनं ताकसुद्धा ठेवलं नसतं. त्या दिवशी तिला फक्त मोठं भांडं दिसलं. खारं पाणी रात्रभर त्यात मुरलं आणि सकाळी टाकीत गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पाहिलं. पट्ट्यापट्ट्याचे नारिंगी मासे वर येऊन तोंड उघडत होते, कल्ले भराभर हलत होते. तिसऱ्या, पिवळ्या माशाच्या अंगावर पांढरी साय धरली होती. होईल बरं, असं तिनं मनाशी म्हटलं. हनीफ वजू करून, नमाज पढून आला, टाकीपुढून गेला, चहा प्यायला आणि दुकानाला निघाला. ती काही बोलली नाही.

दुपारी पिवळा आडवा झाला. हनीफ घरी येईतो नारिंगी जोडीही तळाला पडली होती.

हनीफनं व्यंकटला फोन लावला. हा बिलोलीचा, लातुरात अजहरच्या खोलीत राहायचा, अजून तिथंच क्लासला होता. माशांचं त्यालाही थोडं कळत होतं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, पाण्याला तांबं तर लागलं न्हाई ना?"

हनीफनं देगीकडे पाहिलं. तळाशी उरलेलं पाणी हिरवट दिसत होतं.

"हाव, लागलं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं जाळीनं तिन्ही मासे काढले, वर्तमानपत्रावर ठेवले आणि खाली बसला. सालेहाही बसली. तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं, भीतीसुद्धा नाही.

"सकाळीच दिसलं होतं मला," ती म्हणाली.

"मी बी बघितलं होतं. तुला घोर नको म्हणून बोललो न्हाई."

पंप चालू होता. रिकाम्या टाकीत बुडबुडे येत होते. सालेहा त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तापाचं पण मला आधी ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी फोन केला होता त्यानं. अब्बाला सांगू नको म्हणला, उगाच क्लास सोडवून घरी आणतील."

हनीफनं कागदाची घडी घालायला घेतली होती. हात तसाच राहिला.

"मला बी केला होता," तो म्हणाला. "अम्मीला सांगू नका म्हणला."