पूजा झालेले डबे

सत्त्याण्णव साली लोणी देवकरच्या एका कारखान्यात कंप्युटर एकमेकांना जोडायचे होते. जळोचीच्या सर्जेरावनं तो विकायचा त्या कंपनीचा हब, म्हणजे सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात तो डबा, नमुना म्हणून ठेवला. इंदापूरच्या निवृत्तीनं त्याच टेबलावर दुसऱ्या कंपनीचा आणून आदळला. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते.

दसरा झाल्यावर दोघं निकाल ऐकायला गेले, तर दोन्ही डब्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं! मालक हिंदुराव आबांच्या पत्नी द्वारकाबाईंनी यंत्रांबरोबर त्यांचीही पूजा उरकली होती.

"एकच घ्यायचा हुता गं," आबांनी कपाळाला हात लावला.

"पूजा झालेलं माघारी धाडायचं व्हय?" द्वारकाबाई कडाडल्या.

दोन्ही राहिले. टेबलाखालून एकातली तार दुसऱ्यात घालताना सर्जेराव आणि निवृत्तीची डोकी आपटली आणि दोघं हसत सुटले.

त्या कंपन्या कधीच बुडाल्या. मोडीत निघालेले डबे सर्जेरावच्या दुकानात कपाटावर आहेत. दर दसऱ्याला निवृत्ती सोनं घेऊन येतो, आपट्याची दोन पानं त्यांच्यावर ठेवतो आणि दटावतो, "धूळ पूस लेका, पण मधली तार काढू नगंस."