बुडासकट

"मी कोणालाच पाठवलं नाही, बेन," भूपेंद्रशेठ म्हणाला आणि त्याने पंखा वाढवला.

कलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सुरतेतल्या प्लेगला वर्ष झालं होतं; थोड्याच दिवसांपूर्वी उधन्यातल्या ह्याच गोदामातून त्याने तिच्यासह मजुरांची टोळी टेम्पोत भरून कच्छच्या आखातातल्या एका बेटाकडे धाडली होती. समुद्रातलं तपकिरी शेवाळ आणायचं, त्याचा डिंक कापडाच्या छपाईला लागतो, एवढंच सांगितलं होतं. तिथला समुद्र अभयारण्यात मोडतो, हे मेल्याने तोंडातून काढलं नाही.

ओहोटीला खडक उघडे पडले. खानदेशातली ती माणसं; हरभरा उपटायला वाकावं तशी वाकली आणि शेवाळ बुडासकट ओढत सुटली. विळा लावायचं कोणाला सुचलंच नाही. वनरक्षक आले तेव्हा कलाबाईचा नवरा दगा पुढे झाला, टोळी माझी म्हणाला आणि जामनगरच्या कोठडीत गेला. एका रक्षकाने तिला बोडका खडक दाखवला. "इथे कापायलाही बंदी आहे, बाई. पण बूड राहिलं असतं तर निदान पुन्हा फुटलं असतं. माशांची पिल्लं ह्याच जंगलात वाढतात." शेतात जन्म गेलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं, ह्याची तिला भयंकर लाज वाटली होती. आता शेठचं तोंड पाहून त्या लाजेचा संताप झाला.

"शेठ, तुम्हीनच धाडं ना आम्हले? कोर्टमा तेवढं सांगा. मना माणूस सुटी जाई."

"कोर्टबिर्ट छोड. वकील मी देतो, दगा छूटी जशे. तू फक्त आज नवी टोळी घेऊन जा. दुसरा बेट छे, तिथं कोई पहारा नथी."

"म्हंजे तो बेट बी बोडका करू? आनि ह्या बायास्ना धनी बी कोठडीमा धाडू?"

उत्तराला न थांबता ती बाहेर आली. टेम्पोत नव्या टोळीच्या, तिच्याच नवागाम वस्तीतल्या बाया बसल्या होत्या. तिने त्यांना सगळं सांगितलं, दगाचंही. शेजारची सुषमा तेवढी खाली उतरली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही घरी चूल पेटायची होती. टेम्पो गेला.

कलाबाई जामनगरची गाडी धरायला रेल्वे स्टेशनकडे चालू लागली. वकील मिळत होता आणि आपण तो नाकारला, हे दगाला सांगायचं होतं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण तो समजल्यासारखी नुसती मान डोलवील, हे तिला माहीत होतं.