रफूवालीच्या डाव्या डोळ्यातला पडदा

मी पडदा बोलतोय. रफूवालीच्या डाव्या डोळ्यात, पार मागच्या भिंतीला चिकटून जन्मापासून कोंडलेला. समोर एक खिडकी आहे, पण ती उघडायची की मिटायची, हे तिच्या मर्जीवर.

ती लहान असतानाच हा डोळा नको तेवढा लांब वाढला आणि मी ताणला गेलो. चष्म्याचा नंबर चढला की घरचे कौतुकाने म्हणायचे, "पोरगी अभ्यास करते ना!" इकडे मी कडेकडेने विरत होतो, ते कुणाच्या गावीही नव्हतं. तिच्या बाबांचे दोन्ही पडदे मागच्या भिंतीपासून सुटले आणि त्यांना दिसेनासं झालं होतं. त्याला घरात 'वय झालं' एवढंच म्हणत.

पुढे तिने रफूचं दुकान टाकलं. लोकांच्या कोटांची भोकं ती अशी बुजवते की मालकालाही सापडू नयेत. मला तिचा भारी अभिमान.

मग उजवीकडचा माझा भाऊ सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढा मोठा मायनस नंबर, वडिलांचंही तसंच झालेलं, आणि आता तुमचा एक पडदा सुटलाय. दुसऱ्यालाही धोका आहे. थेंब घालून तोही तपासू."

"नको हो मॅडम," ती काकुळतीला आली. "थेंबांनी दिवसभर धूसर दिसतं. याच एका डोळ्यावर सुई चालतेय माझी. तो ठणठणीत आहे, त्याला कशाला हात लावताय? पुढच्या वेळी नक्की."

ती पुढची वेळ अजून आलेली नाही. मला जपायचं म्हणून ती मला कुणाला दाखवतच नाही! संताप होतो नुसता.

मला दुखत नाही, हीच माझी खरी कैद. दुखलं असतं तर ती तडक धावली असती. काल मी कडेला फाटलो. जिवाच्या आकांताने ठिणग्या उडवल्या. तिच्यापुढे काळे धागे तरंगायला लागले, तर ही कोट झटकत बसली.

"आज लोकर फार उडतेय," ती नवऱ्याला म्हणाली.

"पंखा बंद करू का?" त्याने विचारलं. आणि केलासुद्धा.

आता त्या फटीतून पाणी माझ्यामागे शिरतंय. कोपऱ्यातून सावली पुढे सरकतेय, म्हणून तिने दिवा जवळ ओढलाय.

बाई गं, दोष दिव्यात नाही. ज्याने तुला सुई दिसते तो मधला भाग मी अजून घट्ट धरून ठेवलाय. सुई ठेव आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरबाईंकडे जा. मला पाय नाहीत गं. जे आहेत ते तुझेच.