घरचा हात

राराटूने हात अर्धा वर नेला आणि पुन्हा खाली आणला. पांढरं फडकं तिच्या मांडीला चिकटून राहिलं. वारा नव्हताच.

तोआकाई सासूच्या शेजारी उभी होती. समोर, खडकाच्या कडेपलीकडे, तिच्या नवऱ्याची, तानिएराची, होडी मघापासून एकाच जागी घुटमळत होती. आभाळ स्वच्छ होतं, माडाची एकही झावळी हलत नव्हती, आणि तरी पश्चिमेकडून समुद्र उठून येत होता. वादळ दूर दक्षिणेला कुठेतरी आहे, असं रेडिओवर सांगितलं होतं. पण तोवर तानिएरा निघून गेला होता. तमाना बेटाला खाडी नाही, आडोसा नाही. आत यायचं ते खडक फोडून केलेल्या अरुंद वाटेने, मोठ्या लाटांमधली उसंत गाठून. ती उसंत होडीतून कळत नाही. घरच्या माणसाने किनाऱ्यावरून खूण करायची. दुसऱ्याच्या होडीला कोणी हात करत नसे. काही विपरीत घडलं तर ते दोन घरांत कायमचं राहिलं असतं.

म्हणून जमलेले शेजारी जरा मागेच बसले होते. त्यांच्यातला काबुआ म्हणाला, तानिएराला आज काही गावलेलं नाही, बायकोच्या धाकाने बाहेर थांबलाय. दोघं-तिघं हसले. तेवढ्यात लाट फुटली, बसल्या जागी वाळू थरथरली, आणि पुढे कोणी हसलं नाही. गेल्या वर्षी याच वाटेत उलटलेल्या होडीच्या फळ्या काबुआच्याच कुंपणाला होत्या. होडी त्याच्या भावाची होती.

इंजिनाचा आवाज खोकल्यासारखा तुटला, पुन्हा लागला. पेट्रोल संपत आलं होतं. सूर्य पाण्याला टेकायला आला होता.

"आई, आत्ता शांत झालं होतं," तोआकाई हळूच म्हणाली. "हात का नाही केलात?"

राराटूने पायांची बोटं वाळूत रुतवली, काढली, पुन्हा रुतवली. तिची ही जुनी सवय होती. तोआकाईने तिचा कधी विचार केला नव्हता.

"जवळ ये. मागे लोकांकडे बघू नकोस. मला लाटा दिसत नाहीत."

"उजेड कमी झालाय, आई."

"तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून दिसत नाहीत. पायाला कळायचं. आज सगळीच वाळू हलतेय गं. काही कळत नाही."

आजवर ही खूण झाली, की तोआकाई निश्चिंतपणे भात उतरवायला घरी वळत असे. आता तिने हात पुढे केला.

"मग फडकं मला द्या."

"तुझा हात त्याच्या ओळखीचा नाही. तो थांबेल, विचार करेल, आणि लाट गाठेल त्याला. हात माझाच असू दे. तू बघ आणि सांग."

तोआकाई बघू लागली. एक उसंत आली. तिने खात्री करेपर्यंत ती सरूनही गेली. मागे कोणीतरी देवाचं नाव घेतलं. लागोपाठ मोठ्या लाटा फुटल्या, मग कडेवरचा फेस विरत गेला. मागचं पाणी सपाट दिसलं. ते खरंच सपाट होतं, की तिला तसं हवं होतं, हे तिला सांगता आलं नसतं.

"आत्ता."

राराटूचा हात ताडकन वर गेला, जणू तिला कसली शंकाच नव्हती.

होडी वळली, वाटेत शिरली. तिच्या मागे पाणी उचललं जाऊ लागलं, मागचं टोक उंच झालं, होडी तिरकी झाली, आणि मग माणसं कमरेएवढ्या पाण्यात धावत सुटली होती, दोरी धरून ओढत होती.

तानिएरा ओलाचिंब होता. त्याचे दात वाजत होते. तो ज्याला-त्याला सांगत राहिला की आईवर तो चिडला होता, केवढी वाट बघायला लावली. पण ती थांबली म्हणून तो वाचला. दुसऱ्या कोणाच्या हातावर तो आलाच नसता. काबुआने होडीत डोकावून, एवढ्या जिवाच्या खेळात दोनच मासे का, असं विचारलं. या वेळी सगळेच हसले.

"समुद्र बसला की पुन्हा जाईन," तानिएरा म्हणाला. "काय, आई?"

"जा की," राराटू म्हणाली. "मी आहे ना."

तिची बोटं सुनेच्या मनगटाभोवती घट्ट झाली होती. लोकांना वाटलं, म्हातारी थकली, आधार घेतेय.

सगळे होडीपाशी गुंतलेले असताना तोआकाईने चपला काढल्या, आणि पायांची बोटं ओल्या वाळूत रुतवून पाहिली.