न शिकवता घेतलेली सही

जळगावच्या एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात हसीब एकोणीस वर्षं होता, त्यातली सात सुपरवायझर म्हणून. नव्या माणसाला दोन दिवस मशीनजवळ उभं करून शिकवायचं आणि मगच शिकवल्याच्या फॉर्मवर सही घ्यायची, हे काम त्याचं. धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली दिपमाला कामाला लागली, तेव्हा माल पाठवायची घाई होती. हसीबनं फॉर्म पुढे केला. "इथं सही कर. बाकी बघून बघून येईल."

नवव्या दिवशी धागा अडकला. आधी मशीन बंद करायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मॅनेजर दवाखान्यात आले, तेव्हा हसीब पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

"तुला सगळं शिकवलं होतं ना?"

दिपमालानं हसीबकडे पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "भाऊनी बठ्ठं सांगेल व्हतं. मनीच चूक शे."

मॅनेजरांचा चेहरा निवळला. हसीबलाही क्षणभर हायसं वाटलं. पोरीनं आपल्याला वाचवलं! आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच त्याला अशी लाज वाटली की मान वर होईना. तरी तो बोलला नाही.

मेहरूण भागातल्या घरी त्यानं ताट तसंच बाजूला सारलं. बायकोनं, रुखसारनं, काय झालं विचारलं, तर "काही नाही" म्हणाला. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. नुसती सही घेतली."

त्याचं सुपरवायझरपद गेलं. तो पुन्हा मशीनवर आला.

संध्याकाळी तो दिपमालाच्या घरी गेला. "ताई, माझ्यासाठी तू खोटं का बोललीस?"

"खोटं कुठं?" ती बुचकळ्यात पडली. "तुम्ही म्हणाला होता, बघून येईल. सगळ्यांना आलं, मलाच नाही आलं. मला वाटलं, आपलंच डोकं नाही."

हसीबनं खाली बघत तिला खरं सांगितलं. दोन दिवस शिकवायचं असतं, ते त्यानं टाळलं होतं.

 पट्टी बांधलेला हात पदराखाली घेत दिपमाला म्हणाली, "मग इतके दिवस मी माझ्याच नशिबाला शिव्या देत होते ना, भाऊ?"

 तिनं त्याला 'बस'ही म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही.