बाशांच्या हातची कॉफी

शाहिरच्या टॅक्सीची हाडं न् हाडं सीमेवरच्या नाक्याच्या अंगणात पसरली होती. सीटा एका बाजूला, दारांची अस्तरं दुसऱ्या बाजूला, डॅशबोर्ड उलटा पडलेला. दोन दिवस चार माणसं तिच्यावर पाने-पकडी घेऊन बसली होती, पण नशेची गोळी सोडा, गोळीचा तुकडाही सापडला नव्हता. तरी शाहिर कोठडीत होता आणि दुपारी त्याची फाईल अम्मानला जाणार होती. तिथल्या कोर्टात फाईल पोचली की माणूस वर्षानुवर्षं आत जातो, हे इथल्या रम्था गावातलं शेंबडं पोरही सांगेल. नाक्यावरची इंजिनिअर रुदैना त्या सांगाड्यापाशी उभी होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

कारण शाहिरला पकडलं होतं ते तिच्या यंत्रानं.

हे यंत्र नाक्यावर यावं म्हणून ती दोन वर्षं भांडली होती. तिच्या सख्ख्या आत्तेभावाला दोन चंद्रकोरी छापलेल्या त्या गोळ्यांनी खाऊन टाकलं होतं. झोप गेली, नोकरी गेली, शेवटी छपरावरून पडून पोरगाही गेला. आणि इकडे नाक्यावर काय होतं, तर एक म्हातारं कुत्रं, दोन बॅटऱ्या आणि नाक्याचे प्रमुख हायल बाशा. बाशा म्हणत, "मला यंत्र कशाला? मी माणसाचं तोंड बघून सांगतो." त्यांनी तोंडं बघितली आणि डाळिंबांच्या पेट्यांतून गोळ्या सुखरूप अम्मानला पोचल्या. अखेर वरून हुकूम आला आणि शिलाई मशीनएवढं ते यंत्र आलं. पांढऱ्या पट्टीनं माणसाचा हात पुसायचा आणि पट्टी यंत्रात सारायची. मिठाच्या कणाहून कमी भुकटी असली तरी ते किंचाळायचं. परवा सकाळी शाहिरचा हात पुसला आणि ते किंचाळलं. तिनं दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. तिन्ही वेळा किंचाळलं.

शाहिर हा खलाशी. रम्था ते सीमेपलीकडचं दरआ अशा खेपा मारणाऱ्या टॅक्सीवाल्यांना इथे खलाशीच म्हणतात, मैलोन् मैल समुद्र नसला तरी. सीटखाली चार सिगारेटची पाकिटं, डिकीत दमास्कसची मिठाई, एवढी त्याची तस्करी, आणि त्याकडे सगळेच कानाडोळा करायचे. गोळ्या मात्र? रुदैनाला हे पटत नव्हतं. हातावर भुकटी, स्टिअरिंगवर भुकटी, आणि बाकी सगळी गाडी धुतल्यासारखी स्वच्छ. पाणी कुठेतरी मुरत होतं.

ती कोठडीपाशी गेली. शाहिर गजांना धरून उभा होता.

"परवा सकाळपासून कशाकशाला हात लावलास? आठव."

"झालं! आता हात लावणंपण गुन्हा का?" तो तडकलाच. "स्टिअरिंगला लावला, पासपोर्टला लावला. हॉलमध्ये बाशांशी हात मिळवला, त्यांच्या हातची कॉफी प्यायलो. बायकोला लावला नाही, ती माहेरी आहे. लिहून घ्या, इंजिनिअरबाई. आणि ते तुमचं भुंकणारं डबडं, त्याला म्हणावं, माझ्या तीन पोरींना दुपारी जेवायला तूच घाल."

तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. शाहिरचा बाप आला होता, गावची चार वडीलधारी माणसं घेऊन, आणि बाशांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं होतं.

बाशा दारातच उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. कॉफी वाढायला त्यांनी कधी शिपाई ठेवला नाही. रोज सकाळी हॉलमध्ये थांबलेल्या खलाशांनाही स्वतःच्या हातानं वाढायचे आणि म्हणायचे, "मी साहेब नाही, यजमान आहे." आता त्यांनी दल्ला, म्हणजे कॉफीची चोचदार किटली उचलली, दांडीला गुंडाळलेल्या फडक्यानं धरून, आणि पहिला फिंजान, बिनकानाचा छोटा पेला, भरून अबू शाहिरच्या, म्हणजे शाहिरच्या बापाच्या हातात दिला.

म्हाताऱ्यानं तो उजव्या हातानं घेतला. ओठांना लावला नाही. समोरच्या टेबलावर ठेवला.

पाहुण्यानं कॉफी खाली ठेवली की त्याचं काहीतरी मागणं असतं, आणि ते पुरं केल्याशिवाय तो पीत नाही. आणि ती तशीच थंड झाली, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"अबू शाहिर, कॉफी घ्या."

"माझं मागणं पदरात पडू दे, मग घेतो. माझा पोरगा द्या."

"माझ्या हातात असतं तर तुम्ही उंबरा ओलांडायच्या आत दिला असता!" बाशांनी दोन्ही हात वर केले. "पण यंत्र बोललंय. यंत्राला ना काका ना मामा. विचारा या बाईंना, हट्ट त्यांचा होता."

म्हातारा तिच्याकडे वळला. "पोरी, तुझं यंत्र खोटं बोलतं का गं?"

"नाही, काका," रुदैना म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचीच चीड आली, कारण ते खरं होतं. तिनं नजर खाली वळवली. समोर फिंजान होता आणि त्यामागे बाशांच्या मुठीतलं ते कळकट फडकं.

तिच्या डोक्यात एकदम वीज चमकली.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली आणि धावत जाऊन यंत्र उचलून घेऊन आली. "काका, तुम्ही आज सीमेपलीकडे गेला होता?"

"दहा वर्षांत गेलो नाही."

"आणि या कडेला ओठ लावला नाहीत. सगळ्यांनी बघितलंय." तिनं आधी कोरी पट्टी यंत्रात घातली. यंत्र गप्प. मग दुसऱ्या पट्टीनं फिंजानची कड पुसली. यंत्र किंचाळलं. बाशा काही म्हणायच्या आत तिनं दल्लेवरचं फडकं पुसलं. यंत्र असं किंचाळलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

बाशांचा चेहरा उतरला, पण ते मुरलेले होते. घसा खाकरून म्हणाले, "बघा! बिघडलंय हे. कॉफीवरसुद्धा भुंकतंय. बाई, यंत्राची चूक असं लिहून टाका. मी पोराला आत्ता सोडतो. अबू शाहिर, मागणं मान्य! घ्या कॉफी."

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. रुदैना मात्र पेटली.

"यंत्राची चूक? बाशा, शाहिरला धरलं त्याच्या आदल्या दिवशी डाळिंबांचा ट्रक कुणी पकडला? याच यंत्रानं. आणि टीव्हीवाले आल्यावर त्या गोळ्यांच्या ढिगात उघडे हात घालून ओंजळी कुणी उधळल्या? मी हातमोजे घेऊन तुमच्या मागे धावत होते. तुम्ही काय म्हणालात? मोजे घातले की फोटो बायकी दिसतो! मग रुमालाला हात पुसलेत, हे फडकं धरलंत आणि दुसऱ्या सकाळी हॉलभर कॉफी वाटलीत. तेव्हापासून याच फडक्यानं वाटताय. शाहिरच्या हातावर होती ती तुमच्या हातची भुकटी!"

"बाई, आवाज खाली!"

"नाही करत! आज यंत्र खोटं ठरवाल, उद्या ते गोदामात जाईल, आणि परवापासून पुन्हा तोंडं बघत बसाल. आणि लोकांची पोरं छपरावरून पडतील!"

सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्यावर गेल्या. त्यानं कॉफी प्यायली की विषय संपत होता. पोरगा सुटत होता, बाशांची अब्रू राहत होती, फक्त यंत्र जात होतं. त्याचा हात फिंजानकडे गेला. बापाला याहून जास्त काय हवं असणार?

म्हाताऱ्यानं फिंजान आणखी पुढे सरकवला.

"मागणं बदललंय, बाशा. पोरगा मिळाला, पण त्याचं नाव कुठंय? माझ्या नातींना शाळेत गोळीवाल्याच्या पोरी म्हणतात. बाहेर हॉलमध्ये सगळे खलाशी बसलेत. हिनं सांगितलं ते तुम्ही जाऊन सांगा. तुमच्या तोंडानं."

बाशांनी चारही वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. त्यातला एकही मदतीला आला नाही. मग ते उठले. हॉलमध्ये उभे राहून पुटपुटले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं, बाशा! तुमची गाडी नाही फोडली कुणी!" आणि त्यांना पुन्हा, पहिल्यापासून, सगळं सांगावं लागलं. रुदैना दारात उभी राहून प्रत्येक शब्द ऐकत होती. तिला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं.

परत आल्यावर बाशांनी फडकं सोडून कचऱ्यात टाकलं. नळाखाली फिंजान धुतला, हात कोपरापर्यंत धुतले. मग तापलेली दल्ला उघड्या बोटांनी धरून नवी कॉफी ओतली. बोटं भाजत होती, ते दिसत होतं. म्हातारा एका दमात प्यायला, 'पुरे' म्हणून फिंजान हलवून परत दिला आणि उठला.

शाहिरला अंगणात आणलं. आपल्या टॅक्सीच्या त्या पसाऱ्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. बाशा पुढे आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात पुढे केला. "झालं गेलं विसरून जा, पोरा."

शाहिरनं दोन्ही हात खिशात घातले.

"नको, बाशा. मला ही गाडी जोडायचीय. आणि उद्या परत इथूनच, त्या यंत्रासमोरून जायचंय."

बाशांचा हात तसाच हवेत राहिला. रुदैनानं कोटाच्या खिशातून हातमोज्यांची जोडी काढली आणि त्या हातावर ठेवली.